मेझर: चांदीच्या काठाचा लाकडी वाडगा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब माणूस लाकडाच्या वाडग्यातून प्यायचा आणि पैसेवालाही बहुतेक वेळा लाकडाच्याच वाडग्यातून प्यायचा. पैसेवाल्याच्या वाडग्याला चांदीचा काठ असायचा, एवढाच वरवर दिसणारा फरक. चांदी मढवलेल्या या वाडग्याला मेझर म्हणत. साधारण तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मठांची भोजनगृहं, कारागिरांचे संघ, ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजं, सरदारांचे वाडे, खात्यापित्या व्यापाऱ्यांची घरं, सगळीकडे मेझर होते. कँटरबरीच्या क्राइस्ट चर्च मठाची १३२८ सालची यादी उपलब्ध आहे. त्या एका मठात १८२ मेझर होते.

आपल्याला हा प्रकार पटकन काटकसरीचा वाटतो. अख्खं भांडं चांदीचं परवडत नाही, मग निदान काठ तरी चांदीचा करू, असा. पण हा हिशेब जुळत नाही. ज्या मठांकडे आणि सरदारांकडे मेझर होते त्यांच्याकडे नखशिखान्त चांदीचे, वर सोन्याचा मुलामा चढवलेले पेलेही होते. तरीही मृत्युपत्र करताना माझा अमुक मेझर तमक्याला द्यावा, असं लोक आवर्जून लिहून ठेवत. ज्याच्याकडे चांदी आहे तो लाकूड जपून ठेवतो, याचा अर्थ त्या लाकडात काहीतरी आहे. माझं म्हणणं असं की मेझरमध्ये मानाची जागा लाकडाची आहे आणि चांदी त्याच्या दिमतीला आहे. तसं पाहिलं तर या भांड्याचा प्रत्येक भाग जिथे आहे तिथे का आहे, हे कळत जातं.

लाकडापासूनच सुरुवात करू. मेझरसाठी सर्वांत पसंतीचं झाड म्हणजे मेपल, त्यातही इंग्लंडच्या शेतांच्या बांधांवर वाढणारा फील्ड मेपल. मोठ्या वृक्षांपुढे हे झाड बेताचंच. त्याचं लाकूड मात्र अतिशय घट्ट पोताचं असतं. ओकसारख्या लाकडात उघड्या डोळ्यांना दिसतील अशा मोठ्या नळ्या असतात, शिवाय त्यात टॅनिन भरपूर असतं. अशा वाडग्यात पेय ओतलं तर ते झिरपू शकतं आणि तुरट लागतं. मेपलच्या नळ्या बारीक आणि सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात. त्यामुळे वाडगा गळत नाही, पेयाला चव लागत नाही, आणि घासूनपुसून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो.

पण नुसतं मेपलही चालत नसे. मेझरसाठी मेपलची गाठ लागायची. कधी खोडावर, कधी मुळाशी, झाडाला इजा झाली किंवा बुरशी लागली की एका जागी शेकडो सुप्त कळ्या एकवटतात. त्यांना फुटायला वाव मिळत नाही आणि त्या जागी लाकूड फुगून एक गोळा तयार होतो. हा गोळा कापला की आत ठिपकेच ठिपके दिसतात, त्यांच्याभोवती तंतूंची वळणं. दिसायला सुंदर तर आहेच, पण खरी गंमत त्याच्या ताकदीत आहे. साध्या लाकडाचे तंतू एका दिशेने धावतात, म्हणून ते त्या दिशेने सहज चिरतं. सरपण फोडताना आपण याचाच फायदा घेतो. गाठीत तंतूंना दिशाच नसते, ते एकमेकांत गुंतलेले असतात. चीर पडायला लागली तरी तिला पुढे जायला सरळ वाट मिळत नाही. त्यामुळे गाठीतून काढलेला वाडगा अगदी पातळ, काही मिलिमीटरचा केला तरी टिकतो. पातळ म्हणजे हलका, आणि ओठाला लावायला सुखाचा. लाकडाचा आणखी एक गुण असा की ते उष्णता पटकन वाहून नेत नाही. पेय गरम असो की थंड, हाताला त्याचा चटका किंवा गारठा जाणवत नाही. धातूच्या पेल्यात हे सुख नाही.

हीच गोष्ट हिमालयात, युरोपशी काही संबंध नसताना, लोकांना स्वतंत्रपणे उमगलेली होती. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम आणि आसपास फिरला. मेपलच्या मुळांवर एका परोपजीवी वनस्पतीमुळे गाठी येतात, त्यांचे पेले कातून तिबेटात विकले जातात आणि काहींना चांदी मढवतात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. त्यातले काही पेले विषावर उतारा समजले जात आणि त्यांची किंमत साध्या पेल्याच्या कित्येक पट असे. तेच झाड, तीच गाठ आणि तीच चांदी! दोन्हीकडच्या कारागिरांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल.

वाडगा कातायचा कसा

आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे कातकाम बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. मध्ययुगीन युरोपातला कातारी ज्या लेथवर काम करायचा त्याला मोटर नव्हती आणि चाकही नव्हतं. डोक्यावर एक लवचीक लांब काठी आडवी बांधलेली. तिच्या टोकापासून दोरी खाली येते, लाकडाच्या ठोकळ्याला जोडलेल्या दांड्याभोवती एकदोन वेढे घेते आणि पायाखालच्या फळीला बांधलेली असते. कातारी फळी दाबतो, दोरी खेचली जाते, ठोकळा त्याच्या दिशेने गरकन फिरतो. पाय सोडला की वरची काठी पुन्हा सरळ होते आणि ठोकळा उलटा फिरतो. कापायचं फक्त पाय खाली जाताना. ठोकळा उलटा फिरत असताना हत्यार किंचित मागे घ्यायचं, पुन्हा पाय, पुन्हा काप. हत्यारही नेहमीची सरळ पटाशी नव्हे, तर लांब दांड्याच्या टोकाला आकड्यासारखं वळवलेलं पातं. सरळ पातं वाडग्याच्या पोटात वळूच शकत नाही.

या पद्धतीत एक अडचण आहे, आणि मेझरचं रूप तिच्याशी बांधलेलं आहे. ठोकळा दोन टोकांच्या मध्ये धरलेला असतो, त्यामुळे आतून कोरत गेलं तरी मधोमध लाकडाचा एक सुळका उरतोच. वाडगा फिरतो तो त्या सुळक्याच्या आधारावर. काम संपलं की तो मोडून काढायचा आणि बुडाशी राहिलेला खडबडीत भाग हाताने साफ करायचा. यॉर्कमध्ये १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेट भागात व्हायकिंग वस्तीचं मोठं उत्खनन झालं. तिथे कातलेल्या वाडग्यांबरोबर असे मोडून फेकलेले सुळकेही सापडले. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे बसून पाय मारत होतं, याचा याहून थेट पुरावा काय असणार! तर बुडाच्या मधोमध ही कमकुवत, डागाळलेली जागा राहायची. तिचं पुढे काय झालं ते थोड्या वेळाने.

दुसरी अडचण काठाची. वाडगा अशा तुकड्यातून निघतो की खोडाचे तंतू त्यात आडवे धावतात. त्यामुळे काठावर समोरासमोरच्या दोन जागी तंतूंची कापलेली टोकं उघडी पडतात. पाणी तिथेच शिरतं आणि तडाही तिथूनच सुरू होतो. गाठीच्या लाकडात हा धोका कमी असला तरी काठ पातळ, रोजचा वापर, त्यात दर वेळी ओला व्हायचा आणि पुन्हा सुकायचा. ओठ लागतो, दात लागतो, टेबलावर आपटतो. टवका उडायचाच.

मग चांदी

चांदीची पट्टी या काठावरून बाहेर आणि आत वळवून बसवली की टवके उडायचे थांबतात आणि उघडी टोकं झाकली जातात. पिणाऱ्याच्या ओठाला गुळगुळीत कड लागते. लाकूड मात्र हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आकसतं. चांदी ते करत नाही. त्यामुळे पट्टी आवळून घट्ट बसवली तर लाकूडच तडकेल. यावरचा तोडगा सोनारांनी सुंदर काढला. पट्टीची खालची कड ते दातेरी कापत, बारीक पाकळ्यांसारखी किंवा त्रिकोणी टोकांची. ही टोकं लाकडावर अलगद दाबून बसवली की पट्टी धरूनही राहते आणि लाकडाला हलायला किंचित जागाही मिळते. आपल्याला ती नक्षी वाटते आणि ती नक्षी आहेच, पण तिला कामही आहे.

काळ जसा पुढे सरकला तसा हा काठ उंच होत गेला. सुरुवातीच्या मेझरचं लाकूड खोल आहे आणि चांदी अरुंद. पंधराव्या शतकापर्यंत लाकूड उथळ झालं आणि चांदीची पट्टी चांगली रुंद. मोठी गाठ मिळणं सोपं नव्हतं, आणि खोल वाडगा निघेल इतकी जाड गाठ तर आणखी दुर्मिळ. उथळ वाडग्यावर उंच काठ चढवला की त्यात पेय पुरेसं मावतं. शिवाय रुंद पट्टीवर लिहायला जागा मिळते, आणि लोकांनी ती भरपूर वापरली. खाली चांदीचीच पडघी जोडली की वाडगा स्थिर उभा राहतो आणि बूड ओल्या टेबलापासून वर राहतं.

चांदी कसल्या प्रतीची? इंग्लंडमध्ये १३०० सालच्या कायद्याने ९२.५ टक्के शुद्धता ठरवून दिली आणि तपासलेल्या मालावर बिबट्याच्या मुखाचा शिक्का मारायला सुरुवात झाली. आज दागिन्यावर आपण जो हॉलमार्क शोधतो त्याचा एक पूर्वज हा. १३६३ पासून घडवणाऱ्याचा शिक्का आला आणि १४७८ पासून लंडनमध्ये दरवर्षी बदलणारं अक्षर. या शेवटच्या शिक्क्यामुळे नंतरच्या मेझरचं वर्ष नेमकं सांगता येतं. त्याआधीच्यांचा काळ काठावरच्या अक्षरांच्या वळणावरून ठरवावा लागतो. गोलसर, फुगीर अक्षरं जुनी, आणि उभी, दाट, टोकदार अक्षरं त्यानंतरची.

आता वाडग्याच्या बुडाकडे येऊ. कातकामाचा व्रण जिथे राहायचा, तिथे आतून एक चांदीची चकती बसवत. व्रण झाकणं हा तिचा मूळ उद्देश असावा असं मानतात. पण एकदा चकती आली की कोरी ठेवणार कोण? तिच्यावर येशूच्या नावाची आद्याक्षरं आली, मेरी आणि बाळ आले, संत आले, घराण्यांच्या ढाली आल्या, फुलं आली, काही ठिकाणी मीनाकामाचे रंगही भरले गेले. सगळ्या मेझरमध्ये मला ही चकती सर्वांत जास्त आवडते. वाडगा भरलेला असताना ती दिसत नाही. पीत गेलं की एकेक घोटाने वर येते, आणि वाडगा रिकामा झाला की पिणाऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर असते. ते चित्र टेबलावरच्या इतरांना दिसत नाही, ज्याच्या हातात वाडगा आहे त्यालाच दिसतं.

कँटरबरीजवळ हार्बलडाऊन इथे अकराव्या शतकात आर्चबिशप लानफ्रँकने महारोग्यांसाठी एक आश्रयस्थान उभारलं. त्या संस्थेकडे काही मेझर होते. त्यातल्या चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका वाडग्याच्या चकतीवर घोड्यावरचा योद्धा सिंहाशी झुंजणाऱ्या ड्रॅगनला भाला खुपसतो आहे. भोवती जुन्या फ्रेंचमध्ये यमक जुळवून लिहिलं आहे, त्याचा अर्थ असा: गाय ऑफ वॉरिक याचं नाव, ड्रॅगनचा वध करतो इथे. गाय हा त्या काळच्या इंग्लंडमधला लोककथांचा लाडका वीर. चर्चच्या आश्रयाला राहणारे, समाजाने दूर ठेवलेले लोक ज्या वाडग्यातून पीत होते त्याच्या तळाशी संत नाही, गोष्टीतला शूर योद्धा आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

हार्बलडाऊनच्याच दुसऱ्या एका वाडग्यात तळाशी मोठा स्फटिक बसवलेला आहे आणि त्याच्याशी एक परंपरा जोडलेली आहे. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थोर विद्वान इरॅस्मस आपला मित्र जॉन कोलेट याच्याबरोबर या रस्त्याने गेला. आश्रयस्थानातला एक म्हातारा पुढे आला, त्याने पवित्र पाणी शिंपडलं आणि संत थॉमस बेकेटच्या जोड्याचा वरचा भाग चुंबनासाठी पुढे केला. तो पितळेत मढवलेला होता आणि त्यावर स्फटिक होता. कोलेट भडकला, आता काय प्रत्येक सज्जनाच्या जोड्याचं चुंबन घ्यायचं का, म्हणाला. इरॅस्मसला म्हाताऱ्याची दया आली, त्याने नाणं दिलं. जोडा कधीच गेला. त्यावरचा स्फटिक तो हाच, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

कुणाबरोबर आणि कशासाठी

मेझरमध्ये प्यायचं काय? वाइन, मधाची दारू, आणि सर्वांत जास्त एल, म्हणजे बार्लीपासून केलेली बिअरसारखी दारू. डरहॅमच्या मठात प्रत्येक साधूला स्वतःचा वेगळा मेझर होता आणि प्रत्येकाचा काठ सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा होता. शिवाय मठाचे काही मोठे, सर्वांचे मिळून मेझर होते. एकाला संत बीड या जुन्या काळच्या विद्वान साधूचं नाव होतं, त्यावर लिहीत बसलेल्या बीडची प्रतिमा होती. दुसऱ्याला जुडासचा, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याचा, पेला म्हणत. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण ज्या गुरुवारी करतात, त्या रात्री मठाधिपतीसह सगळे एकत्र बसत तेव्हाच तो बाहेर निघे.

कारागिरांच्या संघांत मोठा मेझर सगळ्यांच्या हातून फिरायचा. एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या भांड्यावर लिहिलेला मजकूर प्रत्येकाच्या नजरेखालून जातो, म्हणून काठावरचे शब्द असे निवडलेले असत की पिणाऱ्याला काही सांगितलं जाईल. एका मेझरचं म्हणणं साधं आहे: त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने पेला भर आणि माझ्या नावाने पी. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दुसऱ्या एकावर चार ओळी आहेत. त्यांचा सारांश असा की जीभ आवर, बोलायचं तर चांगलं बोल, शेजाऱ्याला स्वस्थ बसू दे. देवाला खूष करायचं असेल तर शेजाऱ्याला सुखाने जगू दे. दारू पिऊन भांडणाऱ्या मंडळींसमोर हा वाडगा फिरत होता, हे लक्षात घेतलं की या ओळींची निकड कळते.

सर्वांत विलक्षण मजकूर यॉर्कच्या स्क्रोप मेझरवर आहे. रिचर्ड स्क्रोप हा यॉर्कचा आर्चबिशप. राजा चौथ्या हेन्रीविरुद्धच्या बंडात सामील झाला म्हणून १४०५ च्या जूनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. यॉर्कच्या लोकांनी मात्र त्याला संत मानलं. हा मेझर अ‍ॅग्नेस वायमन नावाच्या बाईने, यॉर्कच्या एका महापौराच्या पत्नीने, शहरातल्या कॉर्पस क्रिस्टी या धार्मिक संघाला दिला. काठावर इंग्रजीत लिहिलं आहे की या पेल्यातून जे कुणी पितील त्या सर्वांना आर्चबिशप स्क्रोप चाळीस दिवसांची माफी देत आहे. पुढे आणखी एका बिशपने तशीच चाळीस दिवसांची भर घातली आहे. ही माफी म्हणजे पापाबद्दल भोगायच्या प्रायश्चित्तातली सूट. चर्च अशा सवलती तीर्थयात्रेसाठी, दानासाठी, प्रार्थनेसाठी देत असे. इथे ती संघाच्या पंगतीत एकत्र बसून पिण्यासाठी आहे. एकमेकांबरोबर एकाच भांड्यातून पिणं हे स्वतःच पुण्यकर्म, असा याचा अर्थ होतो, आणि त्या काळच्या संघांची भावना तशीच होती. कॉर्पस क्रिस्टी संघ बंद झाल्यावर वाडगा जोडे करणाऱ्यांच्या संघाकडे आला. तो संघही १८०८ मध्ये विसर्जित झाला, तेव्हा वाडगा यॉर्कच्या मुख्य चर्चकडे गेला.

केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचा चौदाव्या शतकातला हंस मेझर वेगळ्याच वृत्तीचा आहे. वाडग्याच्या मधोमध एक छोटा मनोरा आहे आणि त्यावर हंस बसला आहे. मनोऱ्याच्या आत एक नळी लपवलेली आहे. वाडगा बेताने भरला तर काही होत नाही. हाव धरून ठरावीक पातळीच्या वर भरला की नळी सुरू होते आणि पेय खालून पिणाऱ्याच्या मांडीवर. ज्यांनी लहानपणी वासुदेवाची वाटी पाहिली आहे त्यांना ही युक्ती कळली असेल. पितळेची वाटी, आत डोक्यावर बाळकृष्ण घेतलेला वासुदेव, पाणी ओतत गेलं आणि कृष्णाच्या पायाला लागलं की सगळी यमुना ओसरते. दोन्हीकडे तत्त्व एकच. उलट्या यू आकाराची नळी, एक टोक आत तळाशी, दुसरं बुडाखाली बाहेर. द्रव वळणाच्या वर गेला की नळी पूर्ण भरते, बाहेरच्या लांब बाजूतल्या द्रवाचं वजन आतल्या द्रवाला ओढत राहतं, आणि आतलं टोक उघडं पडेपर्यंत वाडगा रिकामा होत जातो.

मुळं किती खोल

मेझर तेराव्या शतकात एकाएकी उगवला नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सटन हू इथे १९३९ मध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीचं, जहाजात पुरलेल्या एका राजपुरुषाचं थडगं उघडलं. सोन्याची बक्कल आणि प्रसिद्ध शिरस्त्राण त्यातलंच. त्यांच्याबरोबर मेपलच्या लाकडाच्या बाटल्या होत्या आणि गाठीच्या लाकडाचे छोटे पेले होते. दोन्हींच्या तोंडाला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची मढवण होती. लाकूड बरंचसं कुजून गेलेलं, चांदीमुळे आकार कळला. म्हणजे मेझरच्या सहाशे वर्षं आधी हा जोड मानाच्या जागी होता.

त्याच काळातल्या साध्या माणसांच्या थडग्यांत लाकडी वाडग्यांना ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या आणि चिमटे सापडतात. तडा गेला, फेकून न देता जोडला, पुन्हा वापरला. मला वाटतं, चांदीच्या काठाची कल्पना या दुरुस्तीशी नात्याची आहे. आधी तुटल्यावर पट्टी, मग तुटू नये म्हणून पट्टी, आणि मग पट्टी हवीहवीशी वाटते म्हणून पट्टी.

दुर्मिळ वस्तूला चांदीचा काठ देण्याची ही सवय युरोपात लाकडापुरती राहिली नाही. नारळाची करवंटी तिथे हिंद महासागराच्या किनाऱ्यांवरून, अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून पोचायची. पंधराव्या शतकात इंग्रज सोनारांनी तिला चांदीची पडघी आणि काठ लावून पेले केले. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजकडे असे पेले आहेत. पुढे गुजरातेत शिंपल्याच्या तुकड्यांपासून घडवलेली भांडी पोर्तुगीज व्यापारातून युरोपात गेली, तर त्यांनाही तिथल्या सोनारांनी अशीच मढवण केली. कोकणात जी करवंटी चुलीत जाते तिला तिकडे राजेशाही टेबलावर जागा मिळाली.

स्कॉटलंडने मेझरला आणखी वेगळं वळण दिलं. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयातला ब्यूट मेझर राजा रॉबर्ट ब्रूसच्या काळातला, चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातला मानतात. त्याच्या तळाशी सपाट चकती नाही, उठावाचा सिंह आहे आणि त्याच्याभोवती मीनाकामाच्या सहा ढाली. सिंह म्हणजे राजा, ढाली म्हणजे त्याचे सरदार, असा त्याचा अर्थ लावतात. एक ढाल स्टुअर्ड घराण्याची आहे. त्यातल्या वॉल्टरने ब्रूसच्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांचा मुलगा पुढे राजा झाला. वाडग्याचा काठ सोळाव्या शतकात नव्याने केला, त्यावर तेव्हाच्या मालकाचं, निनियन बॅनटाइनचं नाव आहे. त्यानंतरच्या स्कॉटिश कारागिरांनी मेझर उंच दांड्यावर चढवला. १५६९ चा गॅलोवे मेझर एडिंबराला लागून असलेल्या कॅननगेटच्या जेम्स ग्रे या सोनाराने घडवला. त्यावर बायबलमधलं वचन कोरलं आहे की चांगलं नाव मोठ्या संपत्तीपेक्षा आणि प्रेमाचा लोभ चांदी-सोन्यापेक्षा श्रेष्ठ.

इंग्लंडमध्ये तोवर मेझरचे दिवस भरत आले होते. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बंद केले. मठांची चांदी वजनाने मोजली गेली आणि राजाच्या खजिन्यात गेली. इथे चांदीच लाकडाच्या मुळावर आली. काठ उपटला, चकती उचकटली, वितळवली. उरलेल्या लाकडाला बाजारात किंमत नव्हती. रॉचेस्टर मठाच्या भोजनगृहाला बंधू रॉबर्ट पेचमने दिलेला, १५३२ चा शिक्का असलेला मेझर आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो मठ त्यानंतर आठेक वर्षांतच बंद झाला. त्याच सुमारास जर्मनीतून भाजलेल्या मातीचे मजबूत मग येऊ लागले, काचही आवाक्यात आली, आणि लाकडी वाडग्यातून पिणं जुनाट ठरलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नवे मेझर घडणं जवळजवळ थांबलं.

मग जे वाचले ते कुठे? कॉलेजांत, संघांत आणि गरिबांच्या आश्रयस्थानांत, जिथे भांडं कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं आणि वापरात होतं. १६६० च्या फेब्रुवारीत रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युएल पेपीस एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावच्या अशाच एका आश्रयस्थानात गेला. तिथल्या लोकांनी त्याला आपलं पेय चांदीच्या काठाच्या तपकिरी वाडग्यातून दिलं. पेपीसने ते एका दमात संपवलं आणि तळाशी त्याला चांदीत घडवलेली बाळासह मेरी दिसली. इंग्लंड प्रोटेस्टंट होऊन शंभरावर वर्षं झाली होती, चर्चमधून मेरीच्या मूर्ती कधीच हटवलेल्या होत्या. या गावात ती एलच्या तळाशी सुखरूप होती.

शेफील्डमध्ये जन्मलेल्या ओमर रॅम्सडेन या चांदीकारागिराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेझर पुन्हा घडवायला घेतले, आणि आज हौशी कातारी पायाच्या लेथवर तेच वाडगे कातून पाहतात. तुम्ही लंडन, एडिंबरा किंवा यॉर्कला गेलात आणि काचेआड एखादा मेझर दिसला, तर काठावरची अक्षरं वाचून पुढे जाऊ नका. पट्टीच्या खालच्या दातेरी कडेपाशी लाकूड आणि चांदी यांच्यात किती फट राहिली आहे ते बघा. लाकडावरचे ठिपके कुठे दाट आहेत ते बघा. वाडगा वरून बघितला की पूर्ण गोल नाही, किंचित लांबट झाला आहे, असंही दिसेल. ओल्या लाकडात कातलेला वाडगा सुकताना सगळ्या बाजूंनी सारखा आकसत नाही, म्हणून तसं होतं. आणि पायाच्या चवड्यावर उभं राहून, जमेल तसं, आत तळाशी डोकवा.